रांगण्याच्या तळ्यावर रात्र काढायची आहे, तंबू कुठं लावू?

रंकाळ्याकाठचा

नमस्कार मंडळी. जानेवारीत अमावस्येच्या आसपासचा शनिवार धरून भुदरगड तालुक्यातल्या रांगणा गडावर मुक्कामाला जायचं ठरतंय. मी, दोन मावसभाऊ आणि माझी पोरगी, ती बारा वर्षांची आहे. दिवसा दोनदा जाऊन आलोय पण रात्र कधी काढली नाही. मागच्या वेळी दुपारी तळ्याच्या कडेला बसून भाकरी खाल्ली तेव्हापासून डोक्यात बसलंय, भोवतीनं झाडी, मध्ये ते गप्प पाणी, गाडीचा आवाज नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि पोरगी म्हणाली पप्पा इथं रात्री चांदण्या किती दिसत असतील. तेवढ्यासाठी तंबू घेतलाय, चार माणसांचा.

आता प्रश्न. तंबू अगदी काठाला लावला तर चालेल का? सकाळी चेन उघडली की समोर पाणी, असं मनात आहे. काठाला एक सपाट, गवत दबलेली जागा पण बघून ठेवलीय. दुसरं, शेकोटीला लाकडं वरच मिळतात का खालनं न्यायची? तिसरं, तळ्याचं पाणी प्यायलं तर चालतंय का? ज्यांनी मुक्काम केलाय त्यांनी सविस्तर सांगा, मी सगळं वाचणार आहे.

पन्हाळा_रोड

लई भारी प्लॅन. भडंग, भाकरी आणि खर्डा घ्या, वर जाऊन स्वयंपाकाचा घोळ घालू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

भुदरगडी

भावा, तुझा पहिला प्रश्न वाचला आणि आधी त्याचंच उत्तर देतो. ती सपाट जागा सोड. तिथलं गवत कुणी दाबलं याचा विचार कर. माणसं तिथं रोज बसत न्हाईत. रानात पाण्याच्या कडंला आयती सपाट झालेली जागा दिसली की समजायचं ही जनावराची उतरायची वाट हाय. गवा, सांबर, डुक्कर, भेकर सगळी रात्री पाण्यावर येत्यात, आणि उतार जिथं सोपा तिथनंच येत्यात. माणसाला जी जागा तंबूला बरी वाटती तीच त्यांनाबी बरी वाटती. तुम्ही तिथं तंबू ठोकला म्हणजे त्यांच्या दारात खाट टाकली असं झालं.

गवा अंगावर येतोच असं न्हाई. कळप लांबनं वास घेतो आणि निघून जातो. पण मग ती तहानलेली जातात हे कुणी बघत न्हाई. जानेवारीत ओढं आटायला लागलेलं असत्यात, एप्रिल-मेत तर एकेका पाणवठ्यावर सगळं रान टेकलेलं असतं. आपण रात्रभर टॉर्च फिरवत काठाला बसलो की त्या रात्रीचं पाणी त्यांचं गेलं. माझा मुद्दा एवढाच हाय. दिवसा तळं तुमचं, अंधार पडला की त्यांचं.

पाण्यापासून निदान ६० मीटर तरी लांब व्हा, मी तर त्याच्या दुप्पट सांगीन. रांगणाईच्या देवळाकडच्या अंगाला, उंचवट्यावर, वाळकी फांदी डोक्यावर नसलेली जागा बघा. आणि एकटा गवा दिसला, म्हणजे कळप सोडून फिरणारा मोठा नर, तर फोटोच्या नादाला लागायचं न्हाई. हजार किलोच्या आसपास वजन जातं त्याचं. नजर त्याची बेताची, नाक तिखट. फुत्कार टाकला, मान खाली घातली की हळूहळू मागं सरायचं, पळायचं न्हाई.

वाट तुम्हाला म्हाईतच हाय, गारगोटी, कडगाव, पाटगाव, मग भटवाडी, आणि पुढं रानातनं चिक्केवाडीवरनं गड. अंधार पडायच्या आत वर पोचा. उशीर झाला तर भटवाडीतच कुणाच्या तरी सोप्यात झोपा, विचारलं की लोक न्हाई म्हणत न्हाईत.

रंकाळ्याकाठचा

दादा, दबलेल्या गवताचा असा विचारच केला नव्हता. मला वाटलं आधीच्या ट्रेकर लोकांनी तिथं तंबू लावले असतील. ६० मीटर म्हणजे साधारण ऐंशी-नव्वद पावलं होतील ना? आणि मग तळं तंबूतनं दिसणार का? पोरीला ते पाहिजे आहे.

भुदरगडी

मोठी पावलं टाकली तर तेवढीच. उंचवट्यावरनं दिसतं की. झाडाच्या आडनं दिसतं, अगदी उघडं समोर दिसत न्हाई, आणि तेच बरं.

गारगोटीची_लेक

भुदरगडी बोलत्यात ते शंभर टक्के खरं. मी कॉलेजात असताना आमच्या आप्पांच्या संगं एकदा रानातल्या तळ्यावर रात्र काढलो होतो, गडाच्या नव्हे, आमच्याच तालुक्यातलं बारकं तळं, नाव सांगत नाही कारण तिथं आता गर्दी नको. आप्पांना मोहळाची, रानाची सवय. त्यांनी तंबू नाही, नुसतं घोंगडं अंथरलं आणि तेबी तळ्यापासनं इतकं लांब की मी रुसलो, म्हटलं एवढं चालत आलोय ते पाणी बघायला का झाडं बघायला. आप्पा म्हणाले कान उघडं ठेव, बघायला नंतर.

मध्यरात्र झाली असंल. आधी आवाजच नव्हता, म्हणजे रातकिडं बोलायचं थांबलं तेव्हा मला कळलं की ती इतका वेळ बोलत होती. मग खालनं चिखलातनं पाय उपसल्यासारखा आवाज, एक, मग दुसरा, मग मोजता येईनात. आणि पाणी पिण्याचा आवाज. गोठ्यात म्हस पाणी पिते तसाच ओढून घेतल्यासारखा, पण दहाबारा म्हशी एकदम. आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता, तो दाबला पण नाही, नुसता ठेवला. किती वेळ गेला म्हाईत नाही. कोण शिंकलं नाही, कोण हललं नाही. मग तसंच एकेक पाय उपसत ती वर गेली. मला एकबी गवा दिसला नाही त्या रात्री. पण एवढं जवळनं मी पुन्हा कधी काही ऐकलं नाही, आज माझं लग्न होऊन दोन पोरं हायत तरी तो आवाज मला आहे तसा आठवतो.

काठावर झोपलो असतो तर ती आलीच नसती. तुमच्या पोरीला हे सांगा. आणि तिला तंबूत मधल्या बाजूला झोपवा, कडंला नको.

रंकाळ्याकाठचा

आक्का, हे पोरीला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं.

बिंदू_चौक

मला शेकोटीबद्दल वेगळं म्हणायचंय. आम्ही लहान असताना स्काऊटमधनं जायचो तेव्हा शेकोटीशिवाय मुक्काम झालाच नाही कधी. जाळ असला की जनावर जवळ येत नाही, थंडी जाते, पोरांना भीती वाटत नाही. आता प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचं झालंय, मग रानात जायचं तरी कशाला? नीट दगड लावून, छोटी, झोपताना विझवून केली तर काय बिघडतं हे कोणीतरी समजावून सांगा, मी ऐकायला तयार आहे.

भुदरगडी

समजावून सांगतो दादा, तुम्ही मनापासनं विचारलंय.

एक म्हणजे मोहोळ. गडाच्या कड्यांना, मोठ्या झाडांना आग्यामोहोळं असत्यात. धूर लागला की ती उठत्यात, आणि आग्या उठला तर पळायला जागा नसती गडावर. पाटगाव आता मधाचं गाव म्हणून ओळखतात, तिथली माणसं पेटीत पाळतात ती सातेरी, ती गरीब माशी. आग्याचं तसं न्हाई. पाच-पंचवीस डंखात धडधाकट माणूस आडवा होतो. जाळ करणाऱ्याला वर मोहोळ हाय हे अंधारात दिसत न्हाई, हीच त्यातली अडचण.

दुसरं वणवा. डिसेंबर सरला की गवत वाळतं, वरनं पानगळ. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, वारा असतोच. झोपताना विझवली म्हणता, पण मुळातनं, वाळक्या ओंडक्यातनं आग आतल्या आत धुमसती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की उठती. तवर तुम्ही कोल्हापूरला पोचलेलं असता. आमच्याकडं डोंगर जळतो तेव्हा कुणी आणि कधी लावला हे कधीच कळत न्हाई.

तिसरं, वाळकं लाकूड कचरा न्हवं. त्यात किडा, त्यावर पाखरू, त्याखाली साप, विंचू. लाकूड गोळा करताना हात घालणाऱ्यालाच डंख बसतो हे मी स्वतः बघितलंय.

कायद्याची_वही

थोडी भर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधलं कलम ३० अभयारण्य धोक्यात येईल अशा तऱ्हेनं आग पेटवायला किंवा जळती सोडायला मनाई करतं, आणि तेच कलम संवर्धन राखीव क्षेत्रांनाही लागू आहे. आपल्या जिल्ह्यात अशी क्षेत्रं विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही आहेत. त्यामुळे भुदरगडातल्या रानात मुक्काम करायचा तर आधी त्या भागाच्या वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, लेखी परवानगी घ्या, नावं आणि गाडीचा नंबर देऊन ठेवा. परवानगीचं एक कारण तुमच्या फायद्याचं पण आहे, तुम्ही वर आहात हे खाली कुणाला तरी माहीत असतं. वनखात्याची हेल्पलाईन १९२६, अँब्युलन्स १०८. रेंज कुठं येते तेवढं चढताना बघून लक्षात ठेवा.

बिंदू_चौक

मोहोळाचं कारण पटलं. खरंच डोक्यात नव्हतं आलं. आमच्या वेळी काही झालं नाही ते नशीब म्हणायचं. मग थंडीचं काय करायचं? बारकी पोरगी आहे सोबत.

कसबा_बावडा_दवाखाना

थंडीबद्दल आणि बाकीचं मी सांगते, मी दवाखान्यात काम करते आणि डोंगरात पण जाते.

रात्री थंड हवा जड होते आणि उतारावरून वाहत खोलगट जागेत साठते. तळं नेहमी खोलगटातच असतं. म्हणून काठावर सगळ्यात जास्त गारठा आणि सगळ्यात जास्त दव. पहाटे तंबू आतून भिजतो, लोकांना वाटतं तंबू गळतोय. तंबू गळत नसतो, आपला श्वास आणि तळ्याचा ओलावा थंड कापडावर जमतो. दहा-पंधरा मीटर उंच गेलात तरी फरक जाणवतो. तंबूच्या वरच्या जाळ्या उघड्या ठेवा, बंद करून घेऊ नका. जमिनीतून थंडी जास्त लागते, तेव्हा अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक खाली घाला. पोरीला झोपताना कोरडे मोजे आणि कानटोपी, दिवसभर घातलेले घामाचे कपडे बदलूनच झोपवा.

साप. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. सापाच्या विषावरची आपल्याकडची लस या चारांवर चालते. यातल्या मण्यारीला विसरू नका, ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा माणसाला जागच येत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलताना जीभ अडखळतेय असं कुणी म्हणालं तर ते अपचन समजू नका, तडक खाली आणा. म्हणून तंबूची चेन पूर्ण बंद, बूट आत, रात्री लघवीला जाताना टॉर्च आणि बूट दोन्ही. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, उचलून आणायचं. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस आहे का ते निघायच्या आधी फोन करून विचारून ठेवा, आणि पुढची सोय म्हणजे कोल्हापुरातला आपला मोठा सरकारी दवाखाना, सीपीआर. गडावरून खाली यायला किती वेळ लागतो याचा हिशेब प्रत्येकाने मनात ठेवूनच वर जावं असं मला वाटतं.

पाणी. तळ्याचं पाणी तसंच पिऊ नका. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. कापडातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. गॅसचा छोटा स्टोव्ह न्या, शेकोटीची गरज राहत नाही. आणि एक विनंती, तळ्यात भांडी घासू नका, साबण लावून आंघोळ करू नका, साबणावर काहीही लिहिलेलं असू दे. पाणी भांड्यात घेऊन लांब जा, तिथं वापरा, मातीत ओता. शौचाला पण पाण्यापासून तेवढंच लांब, वीतभर खोल खड्डा करून, नंतर मातीने बुजवून. कागद पिशवीत घालून खाली आणायचा.

सांगलीहून

हे सगळं वाचून वाटतंय त्यापेक्षा दाजीपूरला जावं. तिथं लक्ष्मी तलावाच्या काठाला तंबू लावता येईल का? बॅकवॉटर काय सुंदर आहे.

कायद्याची_वही

दाजीपूर हे राधानगरी अभयारण्यात येतं. १९५८ ला गव्यांसाठी जाहीर झालं, राज्यातलं पहिलं अभयारण्य, नंतर वाढवून आता ३५१ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताच येत नाही, मनाने तंबू लावणं तर लांबच. राहायचं ते बाहेर गावात, सकाळी गेटवर नोंद करून, वाटाड्या घेऊन आत. पावसाळ्यात बंद असतं.

गारगोटीची_लेक

लक्ष्मी तलाव बघायला मात्र नक्की जावा. शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी भोगावती अडवायचं मनावर घेतलं म्हणून आज आपल्याकडं ऊस दिसतोय. ते सात आपोआप उघडणारे दरवाजे पावसात सुटतात तेव्हा बघावं. मे संपता संपता राधानगरीच्या बाजूला काजवे बघायला पण लोक येतात, तिथंपण हेच, टॉर्च मारायचा नाही. काजवा उजेडातनंच जोडीदाराला हाक मारतो, आपण उजेड केला की त्याची हाक कुणाला दिसत नाही.

पन्हाळा_रोड

रांगण्याचा विषय निघाला म्हणून. १७०८ ला पन्हाळा हातचा गेला तेव्हा महाराणी ताराबाई याच रांगण्यावर आल्या होत्या. त्या माणसांनी पण हेच तळ्याचं पाणी प्यायलं असणार. पोरीला दाखवताना हे पण सांगा.

रंकाळ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसात जाऊन आलो, परवानगीचा कागद मिळाला, साहेबांनी पण पहिलं हेच सांगितलं की जाळ नाही आणि पाण्यापासनं लांब. पुढच्या शनिवारी निघतोय. आल्यावर लिहितो.

रंकाळ्याकाठचा

काल रात्री परत आलो. अंग दुखतंय पण लिहितोच, नाहीतर राहून जाईल.

शनिवारी साडेचारला वर पोचलो. तळ्याच्या काठाला अर्धा तास बसलो, पोरीनं पाय बुडवले, बाटल्या भरल्या, आणि ऊन उतरायला लागल्यावर उठून वर देवळाच्या अंगाला गेलो. पावलं मोजत गेलो, एकशे चाळीस भरली. तंबू लावला, स्टोव्हवर पाणी उकळून ठेवलं, भाकरी, खर्डा, कांदा, आणि बहिणीनं दिलेली दाण्याची चटणी. सातलाच सगळं आवरलं होतं.

चांदण्यांचं सांगतो. चंद्र नव्हता. टॉर्च बंद करून वीस मिनिटं बसलो, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि मग वर बघितलं. मृग नक्षत्र आम्ही रंकाळ्यावरनं रोज बघतो, तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली व्याध, पण तिथं मृगाच्या आत इतके बारके तारे भरले होते की मला आधी मृग ओळखूच आला नाही. पोरीनं कृत्तिका मोजल्या, शहरातनं पाचच्या वर कधी जात नव्हती, तिथं सात म्हणाली, मावसभाऊ म्हणाला सहाच, त्यावर दोघं बराच वेळ हळू आवाजात भांडत बसली.

गवा दिसला नाही. आवाज पण आला नाही, आक्का, आम्ही दोन-दोन तासांची पाळी लावून ऐकत बसलो होतो. एकदा लांब खालच्या रानातनं एकच मोठा ‘ढाँक’ असा आवाज आला, मग पुन्हा एकदा, मग काही नाही.

पण पहाटे फटफटायला लागल्यावर पोरीनं मला हलवून उठवलं. बाहेर आलो तर खालचं तळं नव्हतं. सगळा खोलगट भाग धुक्यानं भरलेला, दुधाचं पातेलं काठोकाठ भरावं तसा, आणि ते धुकं आमच्यापासनं वीसेक पावलांवर खाली थांबलेलं, त्याच्या वर एक इंच पण नाही. मी जी सपाट जागा बघून ठेवली होती ती त्याच्या तळाशी कुठंतरी होती. आमचा तंबू हात लावला तर बाहेरनं थोडा ओला, आतनं कोरडा. डॉक्टर ताई, तुम्ही सांगितलेलं सगळं तिथं डोळ्यांना दिसत होतं. सूर्य वर येईपर्यंत आम्ही चौघं तसेच पांघरुणं घेऊन उभे होतो, धुकं आधी वरनं फाटलं, मग झाडांचे शेंडे निघाले, पाणी सगळ्यात शेवटी.

आठ वाजता खाली गेलो. त्या सपाट जागेवर ओल्या मातीत ताजे ठसे होते. म्हणजे कोणीतरी आलं होतं आणि आम्हाला पत्ता लागला नाही. पोरीनं फोटो काढायच्या आधी वहीत चित्र काढलं. दोन फाका, पुढं निमुळत्या, लांबीला तिच्या वीतेच्या निम्म्याहून कमी. ती म्हणते गवाच आहे. भुदरगडी दादा, तिला तुमच्याकडनंच उत्तर पाहिजे आहे.

भुदरगडी

सांबर. गव्याचा ठसा याहून मोठा आणि गोलसर असतो, आपल्या बैलासारखा. रात्री ‘ढाँक’ ऐकला तोबी सांबराचाच, कशाचा तरी वास लागला की ते तसं ओरडतं. बहुतेक बिबट्या फिरला असंल खालच्या अंगानं. पोरीला सांगा ठसा एका जागी दोन-दोन उमटलेला असंल तर मागचा पाय पुढच्यावर पडलाय, चित्रात तिनं ते बरोबर दाखवलंय का बघायचं हाय, वहीचा फोटो टाका.